सिंह नसलेली बाग

गेल्या टर्मला आमच्या विंगमधल्या सिव्हिलच्या एका मित्राने प्राणिसंग्रहालयाचा आराखडा काढायला घेतला होता. टेबलभर पसरलेलं ड्रॉइंग शीट, रात्रीचे दोन वाजलेले, सबमिशन तीन दिवसांवर. आम्ही सगळे त्याच्या खोलीत चहा ढोसत फुकटचे सल्ले द्यायला हजर. पहिला सल्ला एकमताने पास झाला. गेटसमोर सिंह! मग हत्ती, मग जिराफ, मग कोणीतरी झेब्रा सुचवला. बिबट्याचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. आमच्यातले दोघे जण तर ज्या तालुक्यातून येतात, तिथे उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडतात.

त्यानंतर काही दिवसांनी एका माणसाबद्दल वाचनात आलं. या गृहस्थाने सव्वाशे वर्षांपूर्वी अख्खं प्राणिसंग्रहालय उभारलं आणि सिंहाला आराखड्यातूनच कटाप केलं. नाव एमिलिओ गोएल्डी. २०२५ च्या नोव्हेंबरात हवामानबदलाची कॉप-३० परिषद जिथे भरली, त्या ब्राझीलच्या बेलेम शहरात त्याची ही बाग आजही आहे.

गोएल्डी मुळात ब्राझीलचा नव्हेच. त्याचा जन्म २८ ऑगस्ट १८५९ चा, स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन प्रांतातल्या एनेटब्यूल या डोंगराळ गावात. घरचं नाव एमिल ऑगस्ट. पुढे जर्मनीत येना इथे एर्न्स्ट हेकेलच्या हाताखाली तो प्राणिशास्त्र शिकला. हेकेल म्हणजे डार्विनचा जर्मनीतला सगळ्यात मोठा प्रचारक. अशा माणसाचा विद्यार्थी युरोपात कुठेही चिकटला असता, पण हा विशी-पंचविशीतला पोरगा बोटीत बसला आणि १८८० च्या दशकाच्या मध्यात रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात नोकरीला लागला.

तिथे त्याच्यावर एक काम आलं. रिओ प्रांतातले कॉफीचे मळे सुकत चालले होते आणि कारण कोणाला कळत नव्हतं. गोएल्डीने झाडं उपटून मुळं तपासली. मुळांवर गाठी होत्या आणि गाठींमध्ये सूक्ष्म कृमी. त्याने १८८७ च्या सुमारास या कृमींना मेलॉयडोगायने हे नाव दिलं. आपल्याकडे डाळिंबाच्या बागायतदाराला विचारा, मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी काय चीज आहे ते तो सांगेल. तो याच वंशातला. ज्यांच्या घरी डाळिंब आहे त्यांनी सुट्टीत गेल्यावर वडिलांना हे नाव जरूर सांगावं, थोडा भाव वाढेल.

१८८९ मध्ये ब्राझीलमध्ये राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं. सत्ता बदलली की संस्थांमधली माणसंही बदलतात, तशी १८९० मध्ये गोएल्डीची नोकरी गेली. परदेशात, नोकरीविना. तो तेरेसोपोलिसच्या डोंगरात एका स्विस वसाहतीत जाऊन राहिला आणि लिहीत बसला. १८९३ मध्ये ब्राझीलच्या सस्तन प्राण्यांवरचं त्याचं पुस्तक आलं, पाठोपाठ पक्ष्यांवरचं यायला लागलं. पोर्तुगीजमध्ये, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत. हे मुद्दाम सांगतो, कारण तेव्हा ब्राझीलच्या प्राण्यांवर जे काही छापून यायचं ते बहुतेक जर्मन, फ्रेंच नाहीतर इंग्रजीत असायचं.

अशात १८९४ मध्ये उत्तरेकडून बोलावणं आलं. ॲमेझॉनच्या मुखाशी पारा हा प्रांत, त्याची राजधानी बेलेम. रबराचा भाव चढलेला, गावात पैसा खुळखुळतोय. गव्हर्नर लाउरो सोद्रे हा तिशीतला लष्करी अधिकारी, विज्ञानावर श्रद्धा असलेला. गावात १८६६ मध्ये स्थापन झालेलं एक संग्रहालय होतं, पण त्याची अवस्था आपल्या जुन्या वर्कशॉपसारखी. स्थापन करणारा फेरेरा पेना थकून गेला, मधली काही वर्षं तर कुलूपच होतं. सोद्रेने गोएल्डीला सांगितलं की हे चालवून दाखव.

गोएल्डीने आल्याआल्या संस्थेचे नियमच नव्याने लिहिले. संग्रहालयाला जोडून प्राण्यांची बाग आणि वनस्पतींची बाग, आणि तिन्हींचा विषय एकच, ॲमेझॉन. त्या काळात याला धाडस लागत होतं. युरोपातली प्राणिसंग्रहालयं म्हणजे साम्राज्याचा दिखावा होता. आफ्रिकेचा सिंह, आशियाचा हत्ती, जितका लांबचा प्राणी तितकी शान मोठी. आणि बेलेमच्या रबर-शेठना तर सगळं पॅरिससारखं हवं होतं. अशा गावात हा स्विस माणूस म्हणतोय की तुमच्याच जंगलातले जग्वार, टॅपिर, कॅपिबारा, माकडं, मकाव आणि ॲनाकोंडा मी तुम्हाला दाखवणार. लोक म्हणाले असतील, हे बघायला बागेत कशाला जायचं? पण गंमत अशी की शहरातल्या माणसाने हे प्राणी कधी नीट पाहिलेच नव्हते. शिकाऱ्याच्या खांद्यावर मेलेले पाहिले असतील फार तर.

इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर निर्णय फार हुशारीचा वाटतो. लंडन-बर्लिनच्या बागांना उष्ण कटिबंधातले प्राणी जगवायला कोळसा जाळून घरं तापवावी लागत. इथे हवा फुकट, पाऊस फुकट, सावलीची झाडंही तिथलीच. (आपल्याकडे २०१६ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आणले. तेही दक्षिण अमेरिकेचेच, पेरू-चिलीच्या थंड किनाऱ्यावरचे. त्यांच्यासाठी दिवसरात्र गार ठेवलेलं दालन बांधावं लागलं. विजेच्या बिलाचा हिशेब इलेक्ट्रिकलवाल्यांनी करावा.)

जागा म्हणून गावाच्या कडेची एक 'रोसिन्या' मिळाली. रोसिन्या म्हणजे पैसेवाल्यांचं बागेतलं घर, चारी बाजूंनी ऐसपैस व्हरांडा, भोवती फळझाडं. घरात संग्रहालय आणि मागच्या आवारात पिंजरे, हौद, तळं. १५ ऑगस्ट १८९५ ला बाग लोकांना खुली झाली. (तारीख लक्षात ठेवायला आपल्याला तरी अवघड नाही.) पुढे शेजारच्या जागा जोडत बाग वाढत गेली. वनस्पतींकडे बघायला जाक ह्यूबर आला, चित्रं काढायला एर्न्स्ट लोझे. लोझेने काढलेल्या पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचा अल्बम १९०० पासून निघायला लागला. बेलेमची माणसं रविवारी नटूनथटून बागेत यायला लागली. जग्वार बघायला गर्दी झाली. सिंहाची वाट कोणी पाहिली नाही.

आता एक कबूल करायला हवं. जुने फोटो पाहिले तर पिंजरे लहान आहेत, लोखंडी गजांचे. आज कोणी असा पिंजरा काढला तर व्हायवात नापास होईल. गोएल्डी त्याच्या काळाचाच माणूस होता, त्याला प्राणी जवळून बघायचा होता आणि दाखवायचा होता. पण एकाच आवारात बाग आणि प्रयोगशाळा ठेवल्याचा फायदा मात्र दिसला. पाकाराना नावाचा एक मोठा, धिम्या चालीचा, ठिपकेवाला कृंतक आहे, म्हणजे उंदराच्या गणातला. १८७३ मध्ये पेरूत मिळालेल्या एकाच नमुन्यावरून तो शास्त्राला माहीत झाला होता. त्यानंतर तीस वर्षं पत्ताच नाही. १९०४ मध्ये वरच्या पुरूस नदीकडून दोन पाकाराना थेट बेलेमला आले, तेही जिवंत! गोएल्डीने त्यांचं वर्णन लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेकडे धाडलं. त्याच वर्षी त्याने पाठवलेल्या कातड्यावरून लंडनच्या ऑल्डफील्ड थॉमसने एका छोट्या काळ्या माकडाला त्याचं नाव दिलं. ते माकड आज कॅलिमिको गोएल्डी म्हणून ओळखलं जातं.

त्याच्या आयुष्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र बागेच्या भिंतीबाहेरचा आहे. ॲमेझॉनच्या मुखाशी मराजो नावाचं प्रचंड बेट आहे. तिथे पांढरे बगळे आणि गुआरा, म्हणजे शेंदरी रंगाची शराटी, हजारोंनी घरटी करत. युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर पिसांची फॅशन आली आणि शिकारी ऐन विणीच्या हंगामात घुसायला लागले, कारण तेव्हाच बगळ्याला ती रेशमी पिसं येतात. मोठे पक्षी मारायचे, पिसं उपटायची, घरट्यातली पिल्लं उपाशी मरू द्यायची. गोएल्डीने १८९५-९६ मध्ये सरकारला एक सोडून दोन निवेदनं दिली आणि ही कत्तल थांबवायला सांगितलं. लक्षात घ्या, हा सरकारी पगारावरचा परदेशी माणूस होता, आणि पिसांचा धंदा करणारे होते गावातले वजनदार व्यापारी. रिओची नोकरी एकदा गेलेली असताना दुसऱ्यांदा तोंड उघडायचं म्हणजे सोपं नव्हतं. पिंजऱ्यात चार गुआरा ठेवून तो गप्प बसू शकला असता.

बेलेमला राहणंही स्वस्तात पडत नव्हतं. युरोपातून आलेल्या माणसांना पीतज्वर गाठायचा. संग्रहालयाचा भूगर्भशास्त्रज्ञ क्राट्झ-कोश्लाऊ १९०० मध्ये असाच गेला. गोएल्डीने मग डासच पाळायला घेतले. कोणता डास दिवसा चावतो, कोणता रात्री, रक्त मिळालं की मादी अंडी कशी घालते, याच्या नोंदी केल्या. पारामधल्या डासांवरचं त्याचं पुस्तक १९०५ चं. डेंग्यूच्या साथीत आपल्या हॉस्टेलच्या टाक्या ज्या डासामुळे रिकाम्या करायला लावतात, तोच तो दिवसा चावणारा डास.

मधेच राजकारणही आलं. ब्राझील आणि फ्रेंच गयाना यांच्यामधल्या अमापा या मुलखावर दोन्ही देश हक्क सांगत होते. गोएल्डी १८९५ मध्ये तिकडे मोहिमेवर जाऊन आला होता आणि कुनानीच्या जमिनीतून जुने अस्थिकलश घेऊन आला होता. वादाचा निवाडा स्वित्झर्लंडकडे गेला, तेव्हा ब्राझीलची बाजू मांडणाऱ्या रिओ ब्रँकोला त्याने बर्नमध्ये मदत केली. १ डिसेंबर १९०० ला निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला आणि महिनाभरात पारा सरकारने संग्रहालयालाच गोएल्डीचं नाव दिलं. माणूस रोज ज्या ऑफिसात येतो त्याच्या दारावर त्याचंच नाव! मला तरी ते अवघडल्यासारखं वाटलं असतं.

१९०७ मध्ये तो कुटुंबासह स्वित्झर्लंडला परतला आणि बर्नच्या विद्यापीठात शिकवायला लागला. संग्रहालय ह्यूबरने सांभाळलं, १९१४ मध्ये तो वारल्यावर एमिली स्नेथलागे या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी. तोवर रबराचा भाव कोसळला होता. ब्राझीलमधून नेलेल्या बियांची झाडं मलायात आणि श्रीलंकेत चिकाला आली होती. बेलेमची तिजोरी रिकामी झाली, प्राण्यांच्या खाण्याला पैसे जुळवणं कठीण झालं, पण बाग बंद पडली नाही. गोएल्डी ५ जुलै १९१७ ला बर्नमध्ये गेला, वय अवघं ५७.

बाग जुन्याच जागी आहे, फक्त शहर तिच्या चारी बाजूंनी वाढलंय. साधारण पाच हेक्टर. मोठमोठ्या झाडांखाली अगूटी, म्हणजे सशाएवढे तपकिरी कृंतक, माणसांच्या पायांत मोकळे पळत असतात.

मित्राचं शीट वेळेत सबमिट झालं. गेटसमोर सिंह आहेच. बिबट्याला शेवटच्या रात्री जागा मिळाली, मागच्या बाजूला, पार्किंगशेजारी.