ब्रेस्ट लिफ्टचा विचार करताय? मग शंभर वर्षांपूर्वीच्या या डॉक्टर बाईंची गोष्ट माहीत असायला हवी

इन्स्टाग्रामवर चार रील्स सरकवल्या की पाचवी हमखास एखाद्या कॉस्मेटिक क्लिनिकची निघते. ऑपरेशनच्या आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि खाली फोन नंबर. ब्रेस्ट लिफ्ट, म्हणजे ओघळलेले स्तन वर उचलून घेण्याचं ऑपरेशन, हेही आता त्यात आलंय.

पण घरात हा विषय काढला की कोणी नाक मुरडतं, तर कोणी हे पार्लरला जाण्याइतकं सोपं असल्यासारखं बोलतं. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एक डॉक्टर बाई होत्या. अशी ऑपरेशन्स म्हणजे श्रीमंतांचे चोचले नाहीत आणि पोरखेळही नाही, हे त्यांनी आयुष्यभर काम करून दाखवलं.

त्यांचं नाव सुझान नोएल.

१८७८ साली फ्रान्समधल्या लाँ या गावात, खात्यापित्या घरात त्यांचा जन्म झाला. वयाच्या १९ व्या वर्षी आन्री पेर्ता या डॉक्टरांशी लग्न झालं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे पुढे फक्त संसार करायचा होता. पण सुझान यांनी नवऱ्याच्या पाठिंब्यावर १९०५ च्या सुमारास मेडिकलचं शिक्षण सुरू केलं. शिकता शिकताच मुलगी झाली, जॅकलिन. तरी पुस्तकं सुटली नाहीत.

त्यांना गुरूही तसेच तगडे मिळाले. इपोलित मोरेस्तँ हे व्रण कमीत कमी कसा दिसेल यावर जीव टाकणारे सर्जन. मोठ्या स्तनांचा आकार कमी करण्याच्या ऑपरेशनवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी काम केलं, त्यांत मोरेस्तँ यांचं नाव घेतलं जातं.

१९१२ साली एक बातमी आली. प्रसिद्ध अभिनेत्री सारा बर्नार्ड अमेरिकेहून चेहरा तरुण करून घेऊन आल्या होत्या. साठी उलटलेली बाई आणि कपाळावरच्या सुरकुत्या गायब! सुझान आरशासमोर उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या चेहऱ्याची कातडी चिमटीत धरून पाहू लागल्या. कुठे ओढली तर काय बदलतं? तिथून त्यांचा रस्ता ठरला.

मग पहिलं महायुद्ध आलं. तोफगोळ्यांनी जबडा, नाक, गाल उडालेले सैनिक पॅरिसच्या हॉस्पिटलमध्ये येऊ लागले. मोरेस्तँ यांच्या हाताखाली सुझान या चेहऱ्यांवर काम करायला शिकल्या. माणूस वाचला तरी आरशात बघवत नसेल, तर त्याचं जगणं अर्धवटच राहतं, हे त्यांनी रोज पाहिलं.

पुढची काही वर्षं मात्र त्यांच्यासाठी भयंकर होती. १९१८ मध्ये पेर्ता गेले. नंतर त्यांनी आंद्रे नोएल या डॉक्टरांशी लग्न केलं. १९२२ मध्ये जॅकलिन आजारपणात गेली, वय जेमतेम १३-१४. त्या दुःखातून आंद्रे सावरलेच नाहीत. १९२४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

सुझान तेव्हा ४६ वर्षांच्या होत्या. त्यांनी स्वतःला कामात गाडून घेतलं. १९२५ मध्ये राहिलेला प्रबंध पूर्ण केला आणि १९२६ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेच्या सामाजिक भूमिकेवर पुस्तक लिहिलं. एका बाईने या विषयावर ग्रंथ लिहिणं तेव्हा अप्रूपाचंच होतं.

त्यांच्याकडे कोण यायचं? नट्या यायच्याच. पण पोटासाठी नोकरी करणाऱ्या बायकाही यायच्या. वय दिसू लागलं की दुकानात, ऑफिसात त्यांना घरी बसवलं जाई. अशा बायकांकडून सुझान कमी पैसे घेत, कधी घेतही नसत. चेहरा, पापण्या, स्तन, पोट अशा अनेक भागांवर त्या ऑपरेशन करत. आज रील्समध्ये दिसणारे आधीचे-नंतरचे फोटो त्या तेव्हाच नोंदीसाठी जपून ठेवत होत्या.

बायकांना मत देण्याचा हक्क मिळत नाही तोवर बायकांनी टॅक्स भरू नये, असंही त्या उघडपणे सांगत. १९२४ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये नोकरी-व्यवसाय करणाऱ्या बायकांचा सोरॉप्टिमिस्ट क्लब उभा केला आणि पुढे देशोदेशी त्याचा प्रसार केला. १९२८ मध्ये फ्रान्सने त्यांना लेजिअन ऑफ ऑनर हा सन्मान दिला.

पण त्याच वर्षी पॅरिसमध्ये एक प्रकरण घडलं आणि हा सगळा पेशाच हादरला. द्युजारिए नावाच्या एका नामवंत सर्जनने पोटऱ्या बारीक करून हव्या असलेल्या तरुणीचं ऑपरेशन केलं. पायात गँगरीन झालं आणि पाय कापावा लागला. १९२९ मध्ये कोर्टाने सर्जनला दोषी धरलं. केवळ दिसण्यासाठी धडधाकट अवयवावर एवढं धोक्याचं ऑपरेशन करणं हीच चूक, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

सुझान यांची पद्धत वेगळी होती. शक्य तिथे फक्त तेवढा भाग बधिर करायचा, ऑपरेशन छोटं ठेवायचं, घाई करायची नाही आणि काय होऊ शकतं ते आधी पेशंटला दाखवायचं. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपणाऱ्या लोकांचे चेहरेही त्यांनी बदलून दिले, असं सांगितलं जातं. १९५४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता आपल्याकडे वळूया. ब्रेस्ट लिफ्टचा विचार मनात असेल, तर या गोष्टी आधी माहीत हव्यात.

ओघळण्याचं खापर स्तनपानावर फोडलं जातं, पण खरी कारणं गर्भारपणातले बदल, वजनातले चढउतार, वय आणि सिगारेट ही आहेत. लिफ्टमध्ये सैल त्वचा काढतात, आतल्या भागाला आकार देतात आणि निपल वर नेतात. याने स्तन मोठे होत नाहीत.

व्रण राहतात. निपलभोवती, बहुतेकदा तिथून खाली सरळ रेषेत आणि कधी स्तनाखालच्या घडीतही. काळाने ते फिकट होतात, पण पुसले जात नाहीत. निपलची संवेदना कमी होऊ शकते, कधी कायमची. पुढे बाळाला पाजताना अडचण येऊ शकते. म्हणून मूल हवं असेल तर आधी ते होऊ द्यावं, वजन स्थिर होऊ द्यावं. सिगारेट ओढत असाल तर काही आठवडे आधी बंद करावी लागते, कारण तिने रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. आणि एवढं करूनही वयानुसार स्तन पुन्हा ओघळतात.

डॉक्टरकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, हे विचारायला लाजू नका. भूल देणारे तज्ज्ञ कोण, मॅमोग्राफी आधी करायची का, काही बिघडलं तर पुढचा खर्च कोणाचा, हेही विचारा. इन्शुरन्स सहसा याचे पैसे देत नाही. फोटो दाखवले तर व्रण दिसणारे फोटो मागा.

नवऱ्यासाठी, कोणाच्या टोमण्यासाठी किंवा रील पाहून हे ऑपरेशन करू नका. पण सगळं समजून घेऊन तुम्हालाच ते हवं असेल, तर त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. सुझान नोएल यांच्या दारात येणाऱ्या बायकाही निर्णय स्वतःच घेऊन येत होत्या.