लोहाराच्या लेकीची वही

युद्धाच्या इतिहासात सेनापतींचे पुतळे उभे राहतात, नोंदी ठेवणारी माणसे मात्र विसरली जातात. म्हणून आज आम्ही रोझ वालाँ यांच्याविषयी लिहीत आहोत.

१८९८ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात घोड्यांना नाल ठोकणाऱ्या लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिष्यवृत्तीवर कलेचे उच्च शिक्षण घेऊनही पॅरिसच्या ज्य द पोम संग्रहालयात १९३२ पासून त्यांनी अनेक वर्षे बिनपगारी राबून काढली. घराण्याचे नाव पाठीशी नसले की गुणवत्तेला किती ताटकळावे लागते, हे आमच्या वाचकांना काय सांगावे!

१९४० मध्ये नाझींनी त्याच संग्रहालयाचे लुटीचे कोठार केले. ज्यू कुटुंबांचे हक्क हिरावून घेतले, मग त्यांच्या भिंतींवरची चित्रेही उतरवली. खुद्द गोअरिंग निवड करायला येई. वालाँबाईंना जर्मन कळते, याचा या लुटारूंना पत्ताच नव्हता. कोणते चित्र कोणाचे, कोणत्या पेटीतून कुठे गेले, हे त्या चार वर्षे गुपचूप टिपत राहिल्या. सापडल्या असत्या तर मरणच. ऑगस्ट १९४४ मध्ये १४८ पेट्या जर्मनीकडे निघाल्या. बाईंनी खबर दिली आणि रेल्वे कामगारांनी ती गाडी पॅरिसजवळच रखडवली.

पुढे त्यांच्याच नोंदींच्या आधारे अमेरिकन सैन्य बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्यातल्या साठ्यापर्यंत पोहोचले. सुमारे ६०,००० वस्तू फ्रान्सला परतल्या, त्यांपैकी सुमारे ४५,००० मालकांना किंवा वारसांना मिळाल्या.

१९८० मध्ये बाई वारल्या. सुमारे दोन हजार कलाकृती आजही फ्रेंच संग्रहालयांच्या ताब्यात वारसांची वाट पाहत आहेत.