वऱ्हाड सोडवू पाहणारा दिवाण : पहिला सालारजंग

मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवर आपण नेहमी गाडीत चढतो. पण येथे रूळ पडले तेव्हा आपला वऱ्हाड प्रांत गहाण पडलेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. तो सोडवण्यासाठी ज्यांनी हयात वेचली, त्या मीर तुराब अली खान ऊर्फ पहिल्या सालारजंगांचे चरित्र मी येथे थोडक्यात सांगत आहे.

त्यांचा जन्म १८२९ चा. हैदराबादेतील इंग्रजी कवायती फौजेचा खर्च थकला म्हणून मे १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब आपल्या ताब्यात घेतले. काही दिवसांतच दिवाण असलेले चुलते वारले आणि चोविसाव्या वर्षी तुराब अलींवर दिवाणगिरी आली. त्यांनी विस्कटलेल्या वसुलीची घडी बसवली. १८५७ मध्ये ते इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्याचे फळ म्हणून १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले, ५० लाखांचे कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र सुटला नाही. कसा सुटणार? येथे कापूस होता! १८६७ मध्ये मुंबईची गाडी वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटाही सुरू झाला.

पुढे इंग्रजांनी वाडी-हैदराबाद लोहमार्गाचा आग्रह धरला. १८७४ मध्ये तो निजामाच्या खर्चाने सुरू झाला. याच सुमारास सालारजंगांनी सुचवले, की आम्ही मोठी रक्कम ठेव म्हणून देतो, तिच्या व्याजातून फौजेचा खर्च भागवा आणि वऱ्हाड परत करा. सरकारने नकार दिला. रुळांसाठी निजामाचा पैसा चालला, वऱ्हाडासाठी चालला नाही!

१८७६ मध्ये ते विलायतेस गेले. राणीची भेट झाली, ऑक्सफर्डने पदवी दिली. वऱ्हाडाबाबत मात्र १८७८ मध्ये उत्तर आले, की निजाम अल्पवयीन आहे तोवर हा विषय नको. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने सालारजंगांचा अंत झाला. निजाम सज्ञान होऊन गादीचा कारभार पाहू लागला तो पुढच्याच वर्षी! दरम्यान डिसेंबर १८८३ मध्ये लोहमार्ग लंडनच्या भांडवलदारांच्या कंपनीकडे देण्याचा करार झाला. वीस वर्षे ५ टक्के व्याजाची हमी निजामाच्या तिजोरीने घेतली. या योजनेविरुद्ध आवाज उठवणारे अघोरनाथ चट्टोपाध्याय (सरोजिनी नायडूंचे वडील) हद्दपार झाले. १९०२ मध्ये तर वऱ्हाड वार्षिक २५ लाखांवर इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने गेला.

चीनमध्येही हेच घडले. तेथे रेल्वेला कर्ज देण्यासाठी इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी व अमेरिका यांच्यात चढाओढ होती. १९११ मध्ये त्या कर्जाविरुद्ध लोक उठले आणि काही महिन्यांत बादशाही गेली.

माझ्या मते सालारजंगांच्या हुशारीत उणीव नव्हती. सावकाराचा डोळा व्याजावर नसून जमिनीवर असला, की पैसे मोजूनही गहाण सुटत नाही, हे कुणब्याच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. मात्र एक गोष्ट मनाला लागते. या साऱ्या वाटाघाटींत आम्हा वऱ्हाडकरांचे मत ना इंग्रजांनी विचारले, ना निजामाने.