लिहिणाऱ्यांना एकत्र आणणारा न्यायाधीश

मे महिना हा पुण्यात पूर्वीपासून सभांचा महिना. कोर्ट-कचेऱ्यांना आणि शाळांना सुटी, बाहेरगावची मंडळी घरी आलेली आणि उन्हाची तलखी ओसरल्यावर संध्याकाळ मोकळी. अशाच एका संध्याकाळी, ११ मे १८७८ रोजी, पर्वतीच्या वाटेवरच्या हिराबागेत मराठीत ग्रंथ लिहिणारी काही मंडळी जमली. त्यांना आमंत्रण देणारे गृहस्थ दोन होते. एक पंचावन्न वर्षांचे गोपाळ हरी देशमुख, म्हणजेच लोकहितवादी. दुसरे छत्तीस वर्षांचे महादेव गोविंद रानडे. दोघेही सरकारी नोकरीतले, दोघेही न्यायखात्यातले. मराठी लेखकांनी एकमेकांना भेटावे, ग्रंथांची वाढ कशी होईल याचा विचार करावा, एवढाच त्या भेटीचा हेतू होता. अध्यक्षस्थानी रानडे होते. आज ज्याला आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो, त्याची मोजणी या संध्याकाळपासून सुरू होते.

रानड्यांचे नाव निघाले की समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ आणि हायकोर्टाचे न्यायमूर्ती आठवतात. साहित्य संमेलनाचा विषय निघाला म्हणजे त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते आणि तिथेच थांबते. वास्तविक लिहिणाऱ्या माणसांना एका ठिकाणी आणण्याची त्यांची धडपड हा त्यांच्या आयुष्यातला एक सलग धागा आहे, आणि त्या धाग्याला बसलेली एक गाठही तितकीच महत्त्वाची आहे.

त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील कारकुनीपासून सुरुवात करून पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले, म्हणून मुलाचे पहिले शिक्षण कोल्हापुरात झाले. चौदाव्या-पंधराव्या वर्षी हा मुलगा मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाला. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. तिथली पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली, तीत रानडे उत्तीर्ण झाले. १८६२ साली विद्यापीठाचे जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्याबरोबर रानडे होते. वाचनाचा सोस असा की डोळे अधू झाले आणि ते दुखणे जन्मभर पाठीस लागले. पुढे पुष्कळ वाचन त्यांना दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावे लागे.

इंग्रजी विद्येत इतक्या वर पोचलेल्या या तरुणाला आपल्या भाषेची चिंता का वाटावी? त्याचे एक कारण खुद्द विद्यापीठातच होते. आरंभीच्या काही वर्षांनंतर मॅट्रिकच्या पुढच्या अभ्यासक्रमातून मराठी, गुजराती या देशी भाषा गेल्या आणि संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना जागा मिळाली. मराठीत उच्च शिक्षणाच्या योग्यतेचे वाङ्मय नाही, असा त्यामागचा आक्षेप होता. सुशिक्षितांची नवी पिढी मराठी न वाचताच पदवीधर होऊ लागली. ज्यांनी नवे विचार मराठीत आणायचे, तेच मराठीपासून दूर चालले होते.

१८७१ साली रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले आणि पुण्याला एक नवीन हात लाभला. सार्वजनिक सभा आदल्याच वर्षी निघाली होती. तिच्या कामात त्यांनी जीव ओतला. १८७५ साली त्यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती आजतागायत दर उन्हाळ्यात भरते. एखादा विचार सुचला की त्यावर लेख लिहून स्वस्थ बसणे रानड्यांच्या स्वभावात नव्हते. त्या विचारासाठी माणसे गोळा करायची, त्यांची मंडळी बांधायची आणि आपण नसलो तरी ती चालेल अशी व्यवस्था लावून द्यायची, ही त्यांची रीत. ग्रंथकारांचे संमेलन हे याच रीतीचे फळ होते.

त्या काळचा मराठी लेखक कसा जगत होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. छापखाने होते, वर्तमानपत्रे होती. पण पुस्तक छापायचे तर खर्च बहुधा लेखकाच्या पदरचा, नाहीतर आधी वर्गणीदार जमवायचे. विद्याखात्याने प्रती घेतल्या किंवा दक्षिणा प्राइज कमिटीने बक्षीस दिले, तर निभाव लागे. सरकारचा आश्रय हाच मोठा आश्रय. वाचक विखुरलेला आणि लेखकही विखुरलेला. साताऱ्याच्या लेखकाला रत्नागिरीचा लेखक ठाऊक असेल तर केवळ पुस्तकावरच्या नावाने. अशा माणसांनी एकमेकांच्या ग्रंथांना आधार द्यावा, सरकारच्या दाराशी उभे न राहता आपला वाचक आपण तयार करावा, हा विचार साधा दिसतो. पण त्या दिवसांत तो धाडसाचा होता.

सरकारला मात्र रानड्यांची ही गोळा करण्याची हातोटी फारशी रुचत नव्हती. ज्या वर्षी हिराबागेत ग्रंथकार जमले, त्याच वर्षी त्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड उभे राहिले, पुण्यात बुधवारवाड्याला आणि विश्रामबागवाड्याला आगी लागल्या आणि संशयाचे ढग रानड्यांवरही आले. त्यांना धुळ्याला पाठवण्यात आले. तिथे त्यांची पत्रे उघडून पाहिली जात. संशय फिटायला काही काळ गेला. दुसरे संमेलन भरायला मध्ये सात वर्षे लोटली.

ते २४ मे १८८५ रोजी पुण्यातच भरले. अध्यक्ष होते कृष्णशास्त्री राजवाडे. या वेळी ज्यांना ग्रंथकार म्हणून बोलावणे गेले, त्यांत एक नाव जोतीराव फुल्यांचे होते. शिवाजी महाराजांवरचा पोवाडा १८६९ साली आणि ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध करणारा हा लेखक. रानडे आणि फुले हे एकमेकांना परके नव्हते. १८७५ साली स्वामी दयानंदांची पुण्यात मिरवणूक निघाली, तेव्हा सनातन्यांच्या दंग्याची पर्वा न करता दोघेही तीत सामील झाले होते. तरीही फुल्यांनी निमंत्रण नाकारले, आणि नाकारण्याची कारणे पत्राने कळवली. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले.

पत्राचा आशय असा की, जे लोक सर्व माणसांना माणसाचे हक्क मनापासून द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही. शूद्रातिशूद्रांनी काय सोसले हे या ग्रंथकारांच्या लिखाणात उतरत नाही, कारण ते त्यांना ठाऊकच नाही. सगळ्यांची एकी खरोखर हवी असेल, तर ती आधी कशाने होईल याचे मूळ शोधून काढा. थोडक्यात, खोलीत बोलावणे पुरेसे नाही. खोली कोणाची आहे, हा फुल्यांचा प्रश्न होता.

रानड्यांच्या वृत्तीचे बळ आणि तिची मर्यादा ही दोन्ही या एका प्रसंगात दिसतात. फुल्यांना लेखक म्हणून आमंत्रण गेले, हे बळ. सगळे एकत्र आले की हळूहळू मने जुळतील, घाईने तोडू नये, यावर रानड्यांची श्रद्धा होती. पण जो पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभा आहे, त्याला हळूहळू या शब्दाचा अर्थ वेगळा लागतो. रानड्यांच्या सबुरीची किंमत अनेकदा दुसऱ्यांनी मोजली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

घरातही हेच घडले होते. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या रानड्यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली. त्यांनी विधवेशी लग्न करावे अशी मित्रांची अपेक्षा होती; वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. टीका झाली आणि ती त्यांनी सोसली. १८९० सालच्या पंचहौद मिशनमधल्या चहाच्या प्रकरणातही पुढे त्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकच नाराज झाले.

मात्र त्या अकरा वर्षांच्या मुलीची कथा इथे संपत नाही. लग्न झाल्याबरोबर रानड्यांनी तिला पाटी दिली. घरातल्या बायकांचा विरोध, टोमणे, अबोला हे सारे सोसत ती शिकली, आधी मराठी आणि मग इंग्रजी. पतीचे डोळे अधू, तेव्हा त्यांना वाचून दाखवण्याइतकी ती तयार झाली. पतीच्या निधनानंतर, १९१० साली, रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांच्या दालनात त्याला मानाचे पान आहे. न्यायमूर्तींनी घडवलेल्या ग्रंथकारांत सर्वांत मोठा ग्रंथकार त्यांच्या माजघरातच तयार झाला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

१८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. कामाचा डोंगर असतानाही भाषेचा विषय त्यांनी सोडला नाही. १८९४ साली भाषांतराच्या कामासाठी डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्स्लेशन सोसायटी उभी केली. १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर एक विस्तृत टिपण इंग्रजीत लिहिले. अनेक दशकांत छापल्या गेलेल्या पुस्तकांचा विषयवार हिशोब मांडून, या भाषेत अभ्यासण्याजोगे काही नाही हा आक्षेप त्यांनी खोडून काढला. न्यायाधीशाने पुरावा मांडावा तसे ते काम होते. विद्यापीठात मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून ते अखेरपर्यंत झटले. १६ जानेवारी १९०१ रोजी, साठावे वर्ष लागायला दोन दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले. एम.ए.च्या अभ्यासक्रमात मराठीचा प्रवेश त्याच सुमारास झाला. ज्यांच्याशी आयुष्यभर मतभेद राहिले त्या टिळकांनीही ‘केसरी’त त्यांच्या थोरवीला मनमोकळी दाद दिली.

संमेलनाचे पुढचे पाऊल १९०५ साली साताऱ्यात पडले. १९०६ साली पुण्यात चौथे संमेलन भरले आणि तिथेच महाराष्ट्र साहित्य परिषदेचा जन्म झाला. दोन न्यायाधीशांनी बोलावलेल्या त्या भेटीची परंपरा २०२५ साली दिल्लीत अठ्ठ्याण्णवाव्या संमेलनापर्यंत येऊन पोचली. तिथे अध्यक्षपदी तारा भवाळकर होत्या. या खुर्चीत पहिल्यांदा स्त्री बसली ती १९६१ साली ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांड्यांच्या रूपाने. सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ सालचा, हिराबागेतल्या संध्याकाळीही चोवीस वर्षांचा जुना. हे लक्षात घेतले की १९६१ पर्यंतचे अंतर किती मोठे, ते कळते.

फुल्यांचा प्रश्नही जिवंत राहिला. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचे उद्घाटन केले. १९९९ साली धारावीत विद्रोही साहित्य संमेलन झाले. ग्रामीण, आदिवासी, बोलीभाषांची, तालुक्या-तालुक्यांची संमेलने आज महाराष्ट्रभर भरतात. शाळेच्या पटांगणात मांडव घालून, वर्गणी काढून, दुपारच्या कविसंमेलनाला ताटकळत बसलेल्या कवीची यादीत शेवटची पाळी लावून ती पार पडतात. बोलावणे कसे द्यावे, हे त्यांना रानड्यांनी शिकवले. ज्याला बोलावणे आलेच नाही, किंवा आले तरी जावेसे वाटत नाही, त्याने आपला मांडव आपण घालावा, हे फुल्यांच्या त्या नकाराने शिकवले. मराठी साहित्याच्या घराचा पसारा वाढला तो या दोन्ही शिकवणींनी.