लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि आपले बेळगाव

नागपंचमी झाली की आमच्या मंडळाची मुले वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन गल्लीत फिरू लागतात. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली आहे. पुष्कळ घरांत आता आजी-आजोबाच भेटतात. पावती मुलाच्या नावाने फाडायची आणि पैसे पुण्याहून किंवा बंगळूरहून मोबाइलवर यायचे. त्याच गल्लीच्या मागच्या बाजूला अशीही घरे आहेत की जिथे पावतीपुस्तक उघडायला मुलांचा हात धजत नाही. कुणाचा माग थांबलेला, कुणाची रोजंदारी आठवड्यातून तीनच दिवस. मोठ्या शहरातली गरिबी रेल्वेच्या खिडकीतूनही दिसते. आपल्यासारख्या मध्यम शहरातली गरिबी दाराआड राहते आणि सणाला बाहेर येताना इस्त्रीचे कपडे घालून येते.

हाताला काम गावातच मिळावे, यासाठी गावाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला पुन्हा पुन्हा एकाच माणसाची आठवण होते. ते आपल्याच जिल्ह्यातले, आपल्याच शहरात त्यांनी उद्योगाचा श्रीगणेशा केला, आणि त्यांचा कारखाना मात्र आपल्या हातून निसटला. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लहानपणी लक्ष्मणरावांचे मन पुस्तकापेक्षा चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमे. १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. दोनएक वर्षांनी लक्षात आले की काही रंग त्यांच्या डोळ्यांना ओळखूच येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्याला याहून मोठा धक्का कोणता? त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांचे आराखडे काढण्यात त्यांचा हात चांगला होता. त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते साहाय्यक शिक्षक झाले आणि तिथल्या कर्मशाळेत यंत्रे हाताळत स्वतःच शिकत गेले.

याच काळात त्यांची नजर सायकलीवर पडली. बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा होते. १८८८ च्या सुमारास दोघा भावांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घेऊन पाठवायच्या, रामूअण्णांनी त्या इथे विकायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. ज्या रस्त्यावर हे दुकान होते तो आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. आपण रोज तिथून जातो, भाजी घेतो, कपडे घेतो. पण ते नाव कशामुळे पडले हे आपल्या मुलांना विचारून पाहावे.

पुढे मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. सरकारी छत्राखालची नोकरी सोडून दुरुस्तीच्या दुकानात बसणे हे त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला रुचणारे नव्हते. आजही रुचत नाही. आमच्यापैकी किती जण आपल्या मुलाने लेथवर उभे राहिलेले आनंदाने पाहतील?

सायकलींच्या दुरुस्तीतून छोटी कर्मशाळा उभी राहिली. भोवतालचा सगळा मुलूख शेतीचा. म्हणून लक्ष्मणराव शेतकऱ्याच्या उपयोगाच्या वस्तूंकडे वळले. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर हाती घेतला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. हरळी आणि कुंद्यासारखी खोल मुळांची तणे त्याला दाद देत नाहीत. लोखंडी नांगर माती खालपर्यंत उलथतो. गुण उघड होता, पण नांगर कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जायला जवळजवळ दोन वर्षे लागली.

या समजुतीला आपण आज हसतो, पण ज्याचे वर्षभराचे पोट एका पेरणीवर अवलंबून आहे, त्याने नव्या वस्तूकडे संशयाने पाहणे स्वाभाविकच आहे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार संध्याकाळपर्यंत तो नीट करून देई. लोखंडी नांगराचा भाग मोडला तर जायचे कुठे? तेव्हा नांगर विकायचा तर नुसते ओतकाम चांगले असून भागणार नव्हते. सुटे भाग हवेत, ते वेळेवर पोचायला हवेत, आणि विकणाऱ्याचा शब्द खरा ठरायला हवा. लक्ष्मणरावांच्या धंद्याचा पाया या विश्वासावर रचला गेला.

धंदा मूळ धरू लागला आणि संकट आले ते आपल्याच गावातून. शहर वाढत होते, नव्या वसाहतीसाठी जागा हवी होती. नगरपालिकेने लक्ष्मणरावांना कर्मशाळेची जागा सोडायला सांगितले. भट्टी, यंत्रे, साचे, कारागीर हे सगळे घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न त्यांचा त्यांनी सोडवायचा होता. यात कुणी दुष्ट होते असे आम्ही म्हणणार नाही. वाढत्या गावाला घरेही लागतात. मात्र घरे बांधताना त्या घरांत राहणाऱ्यांनी पोट कशावर भरायचे, याचा विचार त्या वेळी झाला नाही.

लक्ष्मणरावांना आधार दिला तो औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. औंधला एका सभामंडपाच्या बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचे काम त्यांनी जवळून पाहिले होते. औंध हे लहानसे संस्थान, तिजोरीही बेताचीच. तरीही पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज लक्ष्मणरावांना दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांचे माहेरघर. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. सोबत कारागीर आणि त्यांची कुटुंबे मिळून पंचवीसेक बिऱ्हाडे होती. लक्ष्मणराव तेव्हा चाळीस वर्षांचे होते. बेळगावहून मिरजेवरून पुण्याकडे जाणारी रेल्वे या माळाजवळूनच जात होती, म्हणून लोखंड आणायला आणि नांगर पाठवायला वाट होती. पुढे त्या स्टेशनालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

या वसाहतीची गोष्ट वाचताना आम्हांला तिथल्या यंत्रांपेक्षा तिथली माणसे अधिक मोलाची वाटतात. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार सांभाळला. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले. शंभुराव जांभेकर यंत्रांचे जाणकार बनले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी वसाहतीची राखण दिली, आणि त्यांनी ती निष्ठेने केली. अस्पृश्यतेला तिथे थारा नव्हता. ज्यांच्यावर इतर गावांनी शिक्का मारला होता, अशांनाही तिथे काम मिळाले, आणि कामाबरोबर इज्जत मिळाली. गरिबी हटवण्याच्या योजना पुष्कळ निघतात; पण ज्याला कुणी उंबऱ्याशी उभे करत नाही त्याच्या हाती किल्ल्या देणे ही गोष्ट निराळीच आहे.

पहिल्या महायुद्धात परदेशी कोळसा, लोखंड आणि रंग मिळेनासे झाले. तेव्हा मिळेल ते मोडीचे लोखंड आणि लाकडी कोळसा वापरून भट्टी पेटती ठेवली गेली. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप असा माल निघू लागला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले, आणि १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे आली. आमच्या आज्यांच्या ट्रंकांत या मासिकांचे अंक जपून ठेवलेले आम्ही पाहिले आहेत. नांगराचा कारखाना आणि घराघरांत विचार पोचवणारी मासिके एकाच माळावरून निघावीत, हे नवल खरेच.

उद्योग वाढला तसा तो वाडीच्या बाहेर गेला. १९४१ मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. यात लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांचा मोठा वाटा होता. आज आपल्या मुलांना पुणे-बंगळूरची जी वाट धरावी लागते, त्या वाटेवरच्या काही कारखान्यांचे मूळ बेळगावच्या सायकल दुकानात आहे, हे आठवले की मन थोडे चरकते.

एक मोठा घाव लक्ष्मणरावांना उतारवयात सोसावा लागला. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. अडतीस वर्षे जपलेले आगीत गेले. तोवर ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. कारण इमारत आणि यंत्रे जळाली तरी काम जाणणारे हात शिल्लक होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

आपल्या शहराने पुढे पुष्कळ कमावले. उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि यंत्रशाळा आज देशभर माल पाठवतात, याचा आम्हांला अभिमान आहे. तरीही १९१० च्या आधी झालेली चूक आपण पुन्हा करत नाही ना, हे तपासून पाहायला हवे. गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला एक लेथची शेड होती. रात्री आवाज होतो म्हणून रहिवाशांनी अर्ज केला. आवाज होत होता हे खरे, आणि त्या अर्जावर आमच्यापैकीही काहींच्या सह्या होत्या. शेड बंद झाली. आम्हांला झोप मिळाली. तिथे कामाला असलेली चार मुले कुठे गेली, हे आम्ही विचारले नाही. यंदा मिरवणुकीच्या तयारीला त्यांतला एक जण दिसला नाही, तेव्हा कळले की तो पुण्याला एका खोलीत सहा जणांबरोबर राहतो.

लक्ष्मणरावांना औंधने जे दिले ते मोजले तर तीनच गोष्टी भरतात: जागा, बेताचे भांडवल आणि विश्वास. एवढे द्यायला राजधानीचे शहर असावे लागत नाही. कारखाना उठवायचा असेल तर आधी त्याला दुसरी जागा दाखवावी, एवढे तरी आपले शहर ठरवू शकते. आपल्या सोसायट्या आणि पतपेढ्या लग्नाला कर्ज देतात, तसे हत्यारांनाही देऊ शकतात. आमच्या मंडळाने यंदा रोषणाईच्या खर्चात काटकसर करून आयटीआय झालेल्या दोन मुलांना हत्यारपेट्या द्यायचे ठरवले आहे. काम लहान आहे, पण सुरुवात आमच्यापासून व्हावी असे वाटले.

गणरायाला आपण विघ्नहर्ता म्हणतो. त्याच्यापुढे हात जोडताना यंदा आमचे एकच मागणे आहे: कुणाच्या कष्टाच्या वाटेत आम्हीच विघ्न होऊन उभे राहू नये.

गणपती बाप्पा मोरया!