विलिस आणि मेंदूतळाचे वर्तुळ

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकू लागलेल्या विद्यार्थ्याची मेंदूच्या तळाशी असलेल्या एका धमनीवर्तुळाशी गाठ पडते. बीड जिल्ह्यातच नव्हे, तर जगभर हे वर्तुळ सतराव्या शतकातील एका इंग्रज वैद्याच्या नावाने ओळखले जाते. ते वैद्य म्हणजे थॉमस विलिस.

विल्टशायर परगण्यातील ग्रेट बेडविन येथे २७ जानेवारी १६२१ रोजी त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डला शिक्षण सुरू असतानाच इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटले आणि विलिस राजाच्या बाजूने लढले. १६४६ मध्ये त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली. पण राजपक्षाचा पराभव झाल्याने सुरुवातीचे दिवस हलाखीचेच होते. रुग्ण मिळवण्यासाठी त्यांना ॲबिंग्डनच्या बाजारापर्यंत जावे लागे.

१६५० मध्ये एका घटनेने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. ॲन ग्रीन या मोलकरणीला फाशी देऊन तिचा देह विच्छेदनासाठी आणण्यात आला. शवपेटी उघडली तेव्हा तिचा श्वास सुरू असल्याचे लक्षात आले. विल्यम पेटी आणि विलिस यांनी सुरी बाजूला ठेवून उपचार केले आणि ती वाचली.

१६६० मध्ये विलिस ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. १६६४ मध्ये मेंदूच्या रचनेवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी मेंदू कवटीबाहेर काढून तळाकडून न्याहाळला. विच्छेदनात रिचर्ड लोअर यांचे साह्य होते, तर चित्रांसाठी ख्रिस्तोफर रेन यांचा हात लाभला. हे वर्तुळ त्यापूर्वीही काहींनी पाहिले होते. मात्र त्याचे पूर्ण चित्र आणि प्रयोजन मांडण्याचे श्रेय विलिस यांचे. मानेतील एका धमनीत रंगीत द्रव सोडला, की तो दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो, हे त्यांनी दाखवून दिले.

त्याहून मोठा पुरावा एका मृत रुग्णाने दिला. पोटातील गाठीने दगावलेल्या त्या माणसाची उजवी कॅरोटिड धमनी कवटीच्या आत हाडासारखी कठीण होऊन जवळपास बंद झाली होती. तरीही त्याला पक्षाघात झाला नव्हता. त्याच बाजूची मणक्यांतून वर जाणारी धमनी मात्र दुसऱ्या बाजूच्या तिप्पट रुंदावलेली आढळली. एक वाट बुजली असता दुसरीने भार उचलला होता.

आजच्या शल्यचिकित्सकासाठी हाच धडा मोलाचा आहे. कवटीच्या तळाशी धमनीला आलेला फुगा किंवा तिला वेढणारी गाठ काढताना कधी कधी कॅरोटिड कायमची बंद करावी लागते. परंतु अनेकांमध्ये हे वर्तुळ अपुरे असते. म्हणून आधी फुग्याच्या साह्याने धमनी काही मिनिटे बंद करून रुग्णाचे बोलणे आणि हातापायांची शक्ती तपासतात. वर्तुळ गृहीत धरले, तर रुग्णाला पक्षाघात होऊ शकतो.

१६६७ मध्ये विलिस लंडनला गेले आणि तेथे त्यांचा मोठा जम बसला. ११ नोव्हेंबर १६७५ रोजी त्यांचे निधन झाले; वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये ते विसावले. वर्तुळाला त्यांचे नाव मिळाले. ज्याच्या देहाने त्याचे मर्म उलगडले, तो रुग्ण मात्र अनामच राहिला.