आंरी द तुलूझ-लोत्रेक : वारसा आणि कर्तृत्व

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हाडांविषयी आणि जनुकांविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण चित्रकलेच्या इतिहासात एक माणूस असा होऊन गेला, की त्याचे चरित्र सांगताना हाडांची गोष्ट टाळता येत नाही आणि नुसती हाडांचीच गोष्ट सांगितली तर त्याच्यावर अन्याय होतो. तो माणूस म्हणजे फ्रेंच चित्रकार आंरी द तुलूझ-लोत्रेक.

त्याचा जन्म २४ नोव्हेंबर १८६४ रोजी दक्षिण फ्रान्समधील आल्बी या गावी झाला. घराणे मोठे सरदारी. वडील काउंट आल्फाँस शिकारीचे आणि घोड्यांचे शौकीन, आई आदेल शांत व धर्मशील. अशा घराण्यांत जमीनजुमला बाहेर जाऊ नये म्हणून सोयरीक घरातल्या घरात जुळवीत. आंरीच्या दोन्ही आज्या सख्ख्या बहिणी होत्या. म्हणजे त्याचे आईवडील मावसभावंडे. पुढे आत्याचे लग्न मामाशी झाले. आपल्याकडे ज्याला साटेलोटे म्हणतात तोच प्रकार! त्या दुसऱ्या जोडप्याच्याही काही मुलांची वाढ खुंटली, हाडे दुबळी निघाली. तर त्यांचाच मुलगा गाब्रिएल चांगला उंच वाढला आणि डॉक्टर झाला. एकाच घरातला हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आंरीचा धाकटा भाऊ एक वर्षाचा होण्याआधीच वारला. आंरी मात्र हुशार, खेळकर होता. १८७८ मध्ये, तेराव्या वर्षी, बसक्या खुर्चीवरून उठताना तो पडला आणि डाव्या मांडीचे हाड मोडले. पुढच्याच वर्षी आईबरोबर फिरायला गेला असता उथळ चरात पाय गेला आणि उजव्या मांडीचे हाड मोडले. इतक्या क्षुल्लक पडण्याने मांडीची हाडे मोडावीत हेच विचित्र होते. धड प्रौढ पुरुषाचे झाले, पाय आखूडच राहिले. उंची सुमारे पाच फूट, म्हणजे १५२ सेंटिमीटर. सरदाराच्या मुलाने घोड्यावर मांड टाकावी ही बापाची हौस तिथेच संपली.

अंथरुणावर पडल्यापडल्या तो चित्रे काढू लागला. घोडे रंगविणारे मूकबधिर चित्रकार रने प्रँस्तो हे त्याचे पहिले मार्गदर्शक. १८८२ मध्ये तो पॅरिसला आधी बोना आणि मग कॉर्मो यांच्याकडे शिकू लागला. कॉर्मोच्या चित्रशाळेत त्याची व्हिन्सेंट व्हॅन गॉगशी मैत्री जमली. १८९० मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात एका चित्रकाराने व्हॅन गॉगची निंदा केली, तेव्हा काठीच्या आधाराने चालणाऱ्या या बुटक्या माणसाने त्याला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले! त्याच्या स्वभावाची ही एक गोष्ट पुरे.

मोंमार्त्र ही पॅरिसची नाचगाण्याची वस्ती. तिथे १८८९ मध्ये मुलँ रूझ नावाचे नृत्यगृह उघडले आणि १८९१ मध्ये त्याच्या जाहिरातीचे भित्तिचित्र लोत्रेकने केले. रातोरात त्याचे नाव पॅरिसच्या भिंतीभिंतींवर गेले. ही चित्रे शिळाप्रेसवर छापली जात. मोजके सपाट रंग, ठसठशीत रेषा. राजा रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावात शिळाछापखाना काढला तो १८९४ मध्ये. त्याच सुमारास एक दगड आपल्या घराघरांत देवदेवता पोहोचवीत होता, तर दुसरा रस्त्यावरच्या माणसाला नर्तकी दाखवीत होता. लोत्रेकने गायिका, विदूषक, वेश्या यांना रंगविले, पण कोणाची कीव केली नाही आणि कोणाला उपदेशही केला नाही. १८९६ च्या ‘एल’ या चित्रमालेत वेश्यागृहातील स्त्रिया केस विंचरतात, अंग धुतात, थकून पडतात. ज्याच्याकडे लोक सतत टक लावून पाहत, त्याने दुसऱ्याकडे कसे पाहावे याचा हा धडाच आहे.

दारूने मात्र त्याला ग्रासले. १८९९ मध्ये त्याला नेयी येथील रुग्णालयात ठेवले. तिथे त्याने निव्वळ आठवणीतून सर्कशीची चित्रे काढली आणि आपली बुद्धी शाबूत असल्याचे सिद्ध करून सुटका मिळवली. ९ सप्टेंबर १९०१ रोजी तो मालरोमे येथे आईच्या घरी वारला. वय अवघे छत्तीस. मागे सातशेहून अधिक तैलचित्रे आणि हजारो रेखाटने राहिली.

आता हाडांकडे वळू. १९६२ मध्ये मारोतो आणि लामी या फ्रेंच वैद्यांनी पिक्नोडायसोस्टोसिस या दुर्मिळ आनुवंशिक विकाराचे वर्णन केले, आणि १९६५ मध्ये लोत्रेकला हाच विकार असावा असे मांडले. यात उंची खुंटते, हनुवटी मागे जाते, टाळू भरत नाही आणि हाडे दाट असूनही ठिसूळ असतात. लोत्रेकची दाढी आणि सदोदितची टोपी यांचा अर्थ त्यांनी असा लावला. सर्वच अभ्यासकांना हे निदान मान्य नाही, आणि त्याच्या हाडांची जनुकीय तपासणी झालेली नाही. तरी आज सर्वाधिक मानले जाते ते हेच.

दाट हाड ठिसूळ कसे? आमच्या सारसोळ्याच्या खाडीकाठी होडी दुरुस्त होताना पाहावे. आधी कुजलेली फळी काढतात, मग नवी बसवितात. जुनीवरच नवी ठोकत गेले तर होडी जड होईल, मजबूत नव्हे. हाडांतही जुने काढणाऱ्या पेशी असतात. त्या आम्लाने खनिज विरघळवितात आणि कॅथेप्सिन के नावाच्या विकराने कोलॅजेन या प्रथिनाचे धागे कापतात. हे विकर सदोष असेल तर जुने हाड निघतच नाही. पहिल्या गुणसूत्रावरील त्याच्या जनुकातला बिघड हेच या विकाराचे कारण, असे न्यूयॉर्कच्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखविले.

जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल तर माणूस निरोगी राहतो. आई आणि बाप दोघेही असे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला चारात एक धोका. म्हणूनच गाब्रिएल सुटला आणि त्याची भावंडे सापडली. सख्ख्या मावस, मामे, आते किंवा चुलत भावंडांची सरासरी एक-अष्टमांश जनुके एकाच वारशाने आलेली असतात, त्यामुळे तोच दडलेला बिघाड दोघांकडे असण्याची शक्यता वाढते.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीसाठी आत्याच्या मुलाचे स्थळ पुढे आले. माहितीतले घर, मुलगी परकी होत नाही! मावशीचा मुलगा तो भाऊ, त्याच्याशी लग्न पाप. आत्याचा मुलगा मात्र चालतो, असे आजीचे म्हणणे. रूढी हा भेद करते. जनुके करीत नाहीत. अशा लग्नांतली बहुतेक मुले निरोगीच जन्मतात, हे मीही कबूल केले. पण घराण्यात असा आजार कधी दिसला आहे काय, हे पत्रिकेआधी विचारावे आणि गरज पडल्यास जनुकीय सल्ला घ्यावा, एवढेच माझे म्हणणे होते. समजावताना मी लोत्रेकची हकीकत सांगितली. आजीने सारे ऐकून एवढेच विचारले, की त्याच्या आईचे पुढे काय झाले.

प्रश्न मोलाचा होता. आदेल मुलानंतर जवळजवळ तीस वर्षे जगली. त्याचा मित्र मोरिस जोयां याच्यासह तिने त्याच्या चित्रांचा ठेवा आल्बीला दिला, आणि १९२२ मध्ये तिथे त्याचे संग्रहालय उघडले. घराण्याने जपलेली जमीन सांभाळायला तिच्या पोटचा वारस उरला नाही; चित्रे मात्र आजही आहेत. वारशाने आले ते हाड, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. कमावली ती दृष्टी, आणि तिचे श्रेय सर्वस्वी त्याचे.

— तृतीय वर्ष, कला (सारसोळे)